घरचा सर्व्हर आणि न पोहोचणारी ईमेल : वाचकांचे प्रश्न

घरी चालवलेल्या सर्व्हरवरून, संकेतस्थळाच्या स्क्रिप्टमार्फत ईमेल पाठवताना येणाऱ्या अडचणींविषयीची पत्रे या अंकात घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : घरातल्या एका जुन्या संगणकावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), अपाची (वेब सर्व्हर) आणि पीएचपी (स्क्रिप्टची भाषा) बसवून मी माझे संकेतस्थळ चालवतो. त्यावर संपर्कासाठी एक अर्ज आहे. अर्ज भरून बटण दाबले की 'आपला निरोप पाठवला आहे' अशी ओळ दिसते, परंतु माझ्या खात्यात काहीच येत नाही, स्पॅममध्येही नाही. हीच स्क्रिप्ट पूर्वी भाड्याच्या होस्टिंगवर विनातक्रार चालत होती आणि तिच्यातली एकही ओळ मी बदललेली नाही. राउटरवर २५ क्रमांकाचे पोर्टही (जोडणीचे क्रमांकित दार) उघडून पाहिले. दोष कुठे शोधावा?

उत्तर : दोष बहुधा स्क्रिप्टमध्ये नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा वाचून तो सापडणार नाही. पीएचपीचे मेल हे फंक्शन स्वतः पत्र पोहोचवत नाही. लिनक्सवर ते पत्राचा मजकूर 'सेंडमेल' या नावाच्या प्रोग्रामच्या हवाली करते आणि त्या प्रोग्रामने तो स्वीकारला, की 'ट्रू' असे उत्तर देऊन मोकळे होते. त्यानंतर ते पत्र रांगेत अडकले, समोरच्या सर्व्हरने नाकारले किंवा वाटेतच टाकून दिले गेले, तरी त्याची खबर या फंक्शनपर्यंत येत नाही. आपल्या पानावर दिसणाऱ्या ओळीचा अर्थ फार तर एवढाच आहे. कित्येक स्क्रिप्टमध्ये तर फंक्शनने 'ट्रू' म्हटले की 'फॉल्स' हे न पाहताच ती ओळ छापलेली असते. आपल्याकडे तसे नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

भाड्याच्या होस्टिंगवर सेंडमेल या नावामागे एक पूर्ण मेल सर्व्हर उभा असतो. त्याचा आयपी पत्ता स्थिर असतो, डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या नावांची माहिती ठेवणाऱ्या यंत्रणेतल्या, त्याच्या नोंदी जागच्या जागी असतात आणि तो बंद पडला तर उठवणारी माणसे असतात. घरच्या यंत्रावर यांतले काहीही आपोआप येत नाही. स्क्रिप्ट तीच राहिली, पण ती ज्या व्यवस्थेवर विसंबून होती ती व्यवस्था मागे राहिली.

अशा वेळी मी एकच प्रश्न धरून बसतो : पत्र नेमके कुठपर्यंत गेले? ते स्क्रिप्टमधून सेंडमेलकडे, तिथून यंत्रावरच्या रांगेत, रांगेतून बाहेरच्या सर्व्हरकडे आणि शेवटी खात्यात असा प्रवास करते. प्रत्येक टप्प्यावर त्याची नोंद राहते, आणि शेवटची नोंद जिथे सापडते त्याच्या पुढच्या पावलावर दोष असतो.

पहिले पाऊल म्हणजे यंत्रावर सेंडमेल या नावाचा प्रोग्राम आहे का, हे पाहणे. पोस्टफिक्स, एक्झिम, एमएसएमटीपी या पत्रे पाठवणाऱ्या प्रोग्रामांपैकी काहीही बसवले तरी ते या नावाचा एक प्रोग्राम पुरवतात. काहीच बसवलेले नसेल, तर अपाचीच्या एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) 'सेंडमेल : नॉट फाउंड' अशी ओळ सापडेल. पीएचपीच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मेल डॉट लॉग' अशी एक सोय आहे, जिचा उपयोग फार थोडे लोक करतात. तिला एखाद्या फाइलचे नाव दिले, की मेल फंक्शन कोणत्या स्क्रिप्टमधून, कितव्या ओळीवरून आणि कोणत्या पत्त्यासाठी बोलावले गेले, हे त्या फाइलमध्ये लिहिले जाते. स्क्रिप्ट त्या ओळीपर्यंत पोहोचते की नाही, हा संशय तिथेच मिटतो.

त्यानंतर स्क्रिप्ट बाजूला ठेवून टर्मिनलमधून एक साधे पत्र पाठवावे आणि लगेच 'मेलक्यू' ही कमांड द्यावी. रांगेत पत्र दिसले, तर ते बाहेर पडू शकलेले नाही. रांग रिकामी असेल, तर ते गेले आहे किंवा परतवले गेले आहे. यांतले काय झाले, हे मेल लॉग सांगतो. उबुंटू आणि डेबियनवर तो व्हार-लॉग फोल्डरमध्ये 'मेल डॉट लॉग' या नावाने असतो. काही नव्या यंत्रणांवर ती फाइलच नसते आणि तोच मजकूर 'जर्नलसीटीएल' या कमांडने वाचावा लागतो.

पोस्टफिक्सच्या लॉगमधली एक ओळ नीट वाचता आली, तर निम्मे काम झाले असे समजावे. आपल्या बाबतीत ती बहुधा अशी असेल : आधी पत्राचा रांगेतला क्रमांक, मग 'टू' पुढे आपला पत्ता, 'रिले=नन', 'डिलेज=०.०४/०.०२/३०/०', 'डीएसएन=४.४.१', 'स्टेटस=डिफर्ड' आणि कंसात 'कनेक्शन टाइम्ड आउट'. 'रिले=नन' याचा अर्थ समोर कोणताच सर्व्हर भेटला नाही. डिलेज या शब्दापुढच्या चार आकड्यांपैकी पहिला रांगेच्या व्यवस्थापकाकडे पोहोचण्यापूर्वीचा वेळ दाखवतो, दुसरा व्यवस्थापकाकडे गेलेला, तिसरा समोरच्याशी जोडणी करण्यात गेलेला आणि चौथा प्रत्यक्ष मजकूर धाडण्यात गेलेला. इथे सगळा वेळ तिसऱ्या आकड्यात गेला आहे आणि चौथा शून्य आहे, म्हणजे पत्रातले एक अक्षरही घराबाहेर पडलेले नाही. ३० हा आकडाही योगायोगाने आलेला नाही. जोडणीसाठी ३० सेकंद वाट पाहून सोडून द्यायचे, हे पोस्टफिक्सचे ठरलेले माप आहे. समोर एकाहून अधिक सर्व्हर असतील, तर तो आकडा त्याच पटीत वाढतो. 'डिफर्ड' म्हणजे पत्र टाकून दिलेले नाही, पुन्हा प्रयत्न होणार आहे. पोस्टफिक्स असे प्रयत्न मुळात ५ दिवस करत राहतो.

जोडणी का होत नाही? कारण मेल सर्व्हर एकमेकांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात आणि घरगुती जोडणी देणाऱ्या अनेक कंपन्या या पोर्टवरून बाहेर जाणारी वाहतूक अडवून ठेवतात. व्हायरसने ताब्यात घेतलेल्या घरगुती संगणकांतून स्पॅमचा लोंढा बाहेर पडू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. राउटरवर आपण जे पोर्ट उघडले ते आत येणाऱ्या जोडण्यांसाठी आहे. बाहेर जाणाऱ्या पत्राशी त्याचा काहीही संबंध नाही. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे, की त्यासाठी वेगळे वाक्य खर्च करणे मला आवश्यक वाटते : ईमेल पाठवण्यासाठी राउटरवर एकही पोर्ट उघडावे लागत नाही. आपण उघडलेले पोर्ट आजच बंद करावे. मेल सर्व्हरच्या रचनेत थोडी जरी चूक राहिली, तर त्या वाटेने आत येऊन परके लोक आपल्याच यंत्रावरून स्पॅम पाठवू लागतील.

समजा, कंपनीने विनंतीवरून २५ क्रमांकाचे पोर्ट मोकळे केले. तरीही घरून थेट पत्रे पाठवण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरगुती आयपी पत्ते बहुधा बदलते असतात, आणि स्पॅमहाउस या संस्थेच्या 'पीबीएल' नावाच्या यादीत अशा पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे नोंदलेले असतात. आपण काही गैर केले म्हणून ती नोंद झालेली नसते. या पत्त्यांवरून थेट मेल येणे अपेक्षित नाही, एवढेच ती यादी सांगते, आणि पुष्कळ सर्व्हर तिच्या आधारे पत्र दारातच नाकारतात. शिवाय आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी, पीटीआर या प्रकारची उलटी डीएनएस नोंद तपासली जाते. ती नोंद पत्त्याचा मालक असलेली कंपनी करते, आपल्या डोमेनच्या पॅनेलमधून ती करता येत नाही. आणि जोडणी सीजीएनएटीच्या मागे असेल, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता मिळाला असेल, तर आपला जाहीर पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तिथे स्वतःच्या नावाची पीटीआर नोंद मिळण्याची आशाच धरू नये.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे रिले. आपल्या यंत्राने पत्र थेट वाचणाऱ्याच्या सर्व्हरकडे न नेता एखाद्या विश्वासार्ह मेल सेवेकडे ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर, नाव आणि पासवर्ड देऊन सोपवायचे, आणि पुढची जबाबदारी त्या सेवेने घ्यायची. हे पोर्ट पत्र 'सादर करण्यासाठी' वेगळे राखलेले आहे आणि घरगुती जोडण्यांवर ते सहसा अडवलेले नसते. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी 'रिलेहोस्ट' या सेटिंगपुढे सेवेच्या सर्व्हरचे नाव चौकोनी कंसात आणि त्यापुढे अपूर्णविराम (:) देऊन ५८७ असे लिहावे. कंस शोभेचे नाहीत. त्या नावाची एमएक्स नोंद (डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यावीत हे सांगणारी डीएनएस नोंद) न शोधता थेट त्याच यंत्राकडे जा, असे ते सांगतात. पासवर्डच्या फाइलमध्येही हेच नाव, कंस आणि पोर्टसह, अक्षरशः तसेच असावे लागते. एका जागी कंस आहेत आणि दुसऱ्या जागी नाहीत, एवढ्या फरकाने पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही, तो ओळख न देताच पत्र पुढे करतो आणि समोरून 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' असे उत्तर येते. ही फाइल बदलल्यानंतर ती पोस्टफिक्सच्या उपयोगाच्या रूपात आणणारी 'पोस्टमॅप' ही कमांड चालवायला विसरू नये आणि ती फाइल फक्त रूट, म्हणजे यंत्राच्या मुख्य, वापरकर्त्याला वाचता येईल अशी ठेवावी. लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' असे दिसले, तर डेबियन किंवा उबुंटूवर एसएएसएल या ओळख पटवण्याच्या व्यवस्थेच्या मॉड्यूल्सचे पॅकेज बसवायचे राहिले आहे.

रिले सुरू करण्यापूर्वी रांग रिकामी करून घ्यावी. चाचणीची जी पत्रे गेले काही दिवस अडकून पडली आहेत, ती वाट मोकळी होताच सगळी एकदम बाहेर पडतील, आणि नव्या खात्यावरून क्षणात गेलेली एकसारखी पत्रे पाहून सेवा ते खाते रोखण्याचा संभव असतो. आपल्या यंत्राला पत्रे स्वीकारायची नसल्यामुळे 'इनेट इंटरफेसेस' हे सेटिंग 'लूपबॅक-ओन्ली' असे ठेवावे, म्हणजे ते फक्त स्वतःवरूनच आलेल्या जोडण्या घेईल.

प्रश्न : रिलेसाठी मी माझे जीमेल खाते वापरले आहे. पासवर्ड अचूक आहे, त्याच पासवर्डने ब्राउझरमध्ये प्रवेश मिळतो, पण लॉगमध्ये ५३५ असा आकडा आणि ओळख पटली नसल्याचा संदेश येतो.

उत्तर : खात्याचा नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामला आत घेण्याची पद्धत गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ अखेर बंद केली. खात्यात द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी आणि त्यानंतर 'अ‍ॅप पासवर्ड' तयार करून घ्यावा. तो १६ अक्षरांचा असतो आणि सोयीसाठी चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवला जातो. फाइलमध्ये लिहिताना मधल्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात. अशा वाटेने गेलेल्या पत्रावर प्रेषक म्हणून त्या जीमेल खात्याचाच पत्ता लागतो, स्क्रिप्टने दुसरा दिला असला तरीही. दुसरा पत्ता हवा असल्यास तो आधी खात्यात पडताळून जोडावा लागतो. स्वतःच्या उपयोगाच्या सूचनांसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. संकेतस्थळावरून इतरांना पत्रे जायची असतील, तर त्या कामासाठीच असलेली सेवा घ्यावी.

प्रश्न : पत्रे आता जातात, परंतु काही स्पॅममध्ये पडतात आणि काही परत येतात. प्रेषक म्हणून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' आणि पुढे माझ्या संगणकाचे नाव असा विचित्र पत्ता दिसतो. अर्जात मी 'फ्रॉम' या जागी अर्ज भरणाऱ्याचा पत्ता घालतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाते.

उत्तर : इथे दोन वेगवेगळे प्रेषक आहेत हे लक्षात घेतले, की गुंता सुटतो. एक 'फ्रॉम' या ओळीतला, जो वाचणाऱ्याला दिसतो. दुसरा लिफाफ्यावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात आणि पत्र परत आले तर ज्याच्याकडे ते येते. आपण पहिला भरला, दुसरा भरला नाही. मग यंत्राने ज्या वापरकर्त्याच्या नावाने अपाची चालते त्याचे नाव आणि संगणकाचे नाव जोडून एक पत्ता बनवला. त्या नावाचे डोमेन जगात कुठेच नसल्यामुळे पुष्कळ सर्व्हर तो नाकारतात, आणि परत आलेले पत्र तरी कुठे जाणार? मेल फंक्शनच्या पाचव्या जागी 'उणे एफ' आणि त्याला लागून आपला खरा पत्ता दिला, की लिफाफ्यावर तो पत्ता येतो.

अर्ज भरणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालणे मात्र सोडून द्यावे. त्याच्या डोमेनच्या वतीने पत्र पाठवण्याचा आपल्या यंत्राला काहीही अधिकार नाही, आणि आजचे सर्व्हर नेमका तोच अधिकार तपासतात. एसपीएफ ही डीएनएस नोंद कोणत्या यंत्रांनी या डोमेनची पत्रे पाठवावीत ते सांगते. डीकेआयएम पत्रावर डोमेनची अंकीय सही करते. आणि डीएमएआरसी असे पाहते, की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक उत्तीर्ण झाले आहे आणि ते ज्या डोमेनसाठी उत्तीर्ण झाले ते 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळते आहे. डीएमएआरसीचे कडक धोरण जाहीर केलेल्या डोमेनचा पत्ता कोणी अर्जात भरला, की आपले पत्र नाकारले जाणार, म्हणजे नेमका तोच निरोप आपल्याला मिळणार नाही. 'फ्रॉम'मध्ये आपला पत्ता आणि 'रिप्लाय-टू'मध्ये अर्ज भरणाऱ्याचा पत्ता ठेवला, तर उत्तराची सोयही राहते आणि तपासणीतही पत्र टिकते.

यात सुरक्षेचाही मोठा प्रश्न दडलेला आहे. अर्जातला मजकूर न तपासता 'फ्रॉम', विषय अशा शीर्षओळींत घातला, तर कोणीही त्यात नवी ओळ घुसवून तिच्यामागे 'बीसीसी' आणि शेकडो पत्ते जोडू शकतो, आणि आपला अर्ज परक्यांचे स्पॅम वाटू लागतो. पीएचपीचे फिल्टर वापरून पत्ता हा पत्ताच आहे याची खात्री करावी आणि नाव, विषय यांतली नवी ओळ दर्शवणारी चिन्हे काढून टाकावीत. पीएचपीमेलरसारखी रुळलेली लायब्ररी यातले बरेच काम स्वतः करते, म्हणून हाताने शीर्षओळी जोडत बसण्यापेक्षा ती वापरावी असे मी सुचवीन.

रिले सेवा घेतल्यावर तिने सांगितलेला एसपीएफचा भाग आपल्या आधीच्या नोंदीतच मिसळावा. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी झाल्या, की दोन्ही निकामी होतात. ही चूक पॅनेलमध्ये 'नवी नोंद' हे बटण समोर असल्यामुळे सहज घडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी प्रेषकांसाठीचे नियम कडक केले आहेत. जीमेल प्रत्येक प्रेषकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एकाची अपेक्षा करते, आणि दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांकडून डीएमएआरसीसह तिन्हींची. सर्व नीट झाले की नाही, हे तपासण्यासाठी पोहोचलेल्या पत्राचा मूळ मजकूर उघडून 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' ही शीर्षओळ वाचावी. तिन्ही तपासण्यांचा निकाल तिथे लिहिलेला असतो.

प्रश्न : इतर सर्व पत्त्यांवर पत्रे पोहोचतात. फक्त माझ्या स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत येते आणि असा वापरकर्ताच नाही असे सांगते. माझ्या डोमेनची ईमेल एका बाहेरच्या सेवेकडे आहे.

उत्तर : पोस्टफिक्सच्या 'मायडेस्टिनेशन' या सेटिंगमध्ये आपल्या डोमेनचे नाव आलेले आहे. बसवताना 'मेलचे नाव' विचारले जाते, तिथे माणूस साहजिकच आपले डोमेन लिहितो, आणि ते या यादीत जाऊन बसते. या डोमेनचे शेवटचे ठिकाण मीच, असे मग आपले यंत्र समजते, एमएक्स नोंद पाहायलाही जात नाही, आणि यंत्रावरच्या वापरकर्त्यांत ते नाव शोधून न मिळाल्याने पत्र परतवते. त्या नावाचा वापरकर्ता यंत्रावर योगायोगाने असेल तर अधिक वाईट, कारण मग पत्र परतही येत नाही; ते यंत्रावरच्या एका फाइलमध्ये निमूट साठत राहते. यादीतून डोमेन काढून फक्त 'लोकलहोस्ट' (यंत्राचे स्वतःसाठीचे नाव) ठेवावे आणि पोस्टफिक्सला सेटिंग पुन्हा वाचायला लावावे.

प्रश्न : टर्मिनलमधून तीच पीएचपी स्क्रिप्ट चालवली तर पत्र जाते, ब्राउझरमधून चालवली तर जात नाही. असे कसे होऊ शकते?

उत्तर : टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट आपल्या नावाने चालते आणि ब्राउझरमधून वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने. हे दोन वापरकर्ते, त्यांचे अधिकार आणि त्यांच्या फाइली वेगळ्या आहेत. डेबियन आणि उबुंटूवर तर पीएचपीची आयएनआय फाइलही टर्मिनलसाठी एक आणि अपाचीसाठी दुसरी असते. एकीत बदल करून दुसरीकडून परिणामाची वाट पाहणे हे नेहमीचे आहे. म्हणून चाचणी करताना 'सुडू' कमांडला वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचे नाव देऊन पत्र पाठवून पाहावे, म्हणजे दोष बहुतेक वेळा टर्मिनलमध्येच समोर येतो.

आपण एमएसएमटीपी वापरत असाल, तर सेटिंगची फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये आहे का ते पाहावे. वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला ती दिसत नाही; त्याच्यासाठी सामाईक फाइल ईटीसी फोल्डरमध्ये ठेवून ती वाचण्याचा अधिकार फक्त त्याच्या गटाला द्यावा. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यातली यंत्रणा असेल, तर एसईलिनक्स ही तिच्यातली सुरक्षा-व्यवस्था वेब सर्व्हरला पत्र पाठवू देत नाही. 'एचटीटीपीडी कॅन सेंडमेल' हा खटका चालू केला की काम होते, आणि स्क्रिप्ट स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी बोलत असेल तर 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' हा. एसईलिनक्स संपूर्ण बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. लॉगमध्ये 'पोस्टड्रॉप' (पोस्टफिक्सच्या रांगेत पत्र टाकणारा प्रोग्राम) आणि 'परमिशन डिनाइड' एकत्र दिसले, तर यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'नो न्यू प्रिव्हिलेजेस' चालू आहे का ते तपासावे; पोस्टड्रॉपला रांगेत लिहिण्यासाठी आपल्या गटाचा अधिकार घ्यावा लागतो आणि हे सेटिंग तो घेऊ देत नाही. स्क्रिप्ट डॉकरच्या कंटेनरमध्ये (यंत्रातच वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त जागेत) असेल, तर तिथला 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनरच, आपले यंत्र नव्हे, आणि पीएचपीच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) सेंडमेल दिलेले नसते.

प्रश्न : मराठीत लिहिलेला विषय पोहोचल्यावर वाचता येत नाही, त्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. पत्रातला मजकूर मात्र व्यवस्थित असतो.

उत्तर : मजकुराची लिपी 'कंटेंट-टाइप' या ओळीत सांगितलेली असते, परंतु ती ओळ विषयाला लागू होत नाही. शीर्षओळींत एएससीआयआयबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरे-अंकांपलीकडची, अक्षरे थेट लिहायची नसतात; ती माइम या ईमेलसाठी ठरलेल्या पद्धतीने सांकेतिक करून लिहावी लागतात. पीएचपीत 'एमबी एन्कोड माइमहेडर' हे फंक्शन यासाठीच आहे. त्याला यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगावे. प्रेषकाचे नाव मराठीत असेल तर त्यालाही हाच नियम लागू आहे, मात्र फक्त नाव सांकेतिक करावे, पत्ता नव्हे.

प्रश्न : पीएचपीमेलर वापरून मी थेट रिले सेवेशी बोलतो. बटण दाबल्यावर पान कित्येक मिनिटे फिरत राहते आणि शेवटी काहीतरी चुकले एवढेच कळते. सर्व्हरचे नाव बरोबर आहे, पोर्ट ४६५ आहे.

उत्तर : पोर्ट आणि सुरक्षेचा प्रकार यांची जोडी जुळत नसावी. ४६५ वर जोडणी होताच टीएलएसची, म्हणजे जोडणी सुरक्षित करण्याची, बोलणी सुरू व्हावी लागतात. ५८७ वर आधी साध्या भाषेत नमस्कार होतो आणि मग 'स्टार्टटीएलएस' म्हणून जोडणी सुरक्षित केली जाते. आपण ४६५ वर जाऊन दुसरा प्रकार निवडला असेल, तर स्क्रिप्ट सर्व्हरच्या २२० या स्वागताच्या ओळीची वाट पाहते, सर्व्हर स्क्रिप्टकडून टीएलएसच्या पहिल्या निरोपाची वाट पाहतो, आणि दोघेही गप्प राहतात. पीएचपीमेलर मुळात ३०० सेकंद असा थांबून राहतो. उलट चूक केली, म्हणजे ५८७ वर थेट टीएलएस सुरू केले, तर 'राँग व्हर्जन नंबर' असा संदेश तत्काळ मिळतो. तो गोंधळात टाकणारा असला तरी निदान वाट पाहायला लावत नाही. 'एसएमटीपी डीबग' ही सोय २ या पातळीवर चालू केली, की दोन्ही बाजूंचे संभाषण ओळीने दिसते आणि ते कुठे थांबले हे कळते. दोष सापडताच ही सोय बंद करावी, नाहीतर तेच संभाषण पाहुण्यांनाही दिसेल.

सर्व्हरचे प्रमाणपत्र अमान्य असल्याचा संदेश आला, तर पडताळणी बंद करण्यापूर्वी यंत्राचे घड्याळ पाहावे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ४ पर्यंतच्या मुख्य मॉडेलांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आल्यावर नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत ते जुन्या तारखेत असते, आणि कालच नूतनीकरण झालेले प्रमाणपत्र त्याला अद्याप लागू न झालेले वाटते. वेळ जुळली की तक्रार आपोआप जाते.

आणि जोडणी दुरुस्त झाल्यावरही स्क्रिप्टने स्वतः बाहेर बोलण्याऐवजी यंत्रावरच्या पोस्टफिक्सकडे पत्र द्यावे, पोस्टफिक्सने ते रिलेकडे न्यावे, अशी रचना मी पसंत करतो. स्क्रिप्टला रांग नसते. रिले सेवेने ४५१ असे तात्पुरते 'नंतर या' म्हटले, किंवा त्या क्षणी इंटरनेटच बंद असले, तर पीएचपीमेलर चूक कळवून थांबतो आणि अर्ज भरणाऱ्याचा निरोप तिथेच हरवतो. पोस्टफिक्स तो निरोप डिस्कवर ठेवून थोड्या वेळाने पुन्हा नेतो, आणि पानही क्षणात मोकळे होते. घरच्या जोडणीवर ही सोय विशेष मोलाची आहे. कोणतीही रचना निवडली तरी अर्जातला मजकूर ईमेल पाठवण्यापूर्वी डेटाबेसमध्ये जतन करावा. पत्र वाटेत अडले, तरी निरोप आपल्याकडे राहील आणि तो पुन्हा पाठवता येईल.